इअरफोन कोणता घ्यावा? प्रश्न डॉक्टरलाच विचारा

जून-जुलैत महाविद्यालये उघडली की बोदवडच्या मोबाईल शॉपींवर वायरच्या इअरफोनचा खप वाढतो. आमच्याकडे त्याला कोणी हेडफोन म्हणते, कोणी हँड्सफ्री. कानात बसतो तो इअरफोन आणि डोक्यावरून पट्टी जाऊन कानांवर बसतो तो हेडफोन, एवढा फरक या लेखापुरता लक्षात ठेवावा. सर्दी-खोकल्याचे औषध घ्यायला आलेला एखादा तरुण जाता जाता विचारतो, "डॉक्टरसाहेब, चांगला इअरफोन कोणता घेऊ? पाचशेच्या वर बजेट नाही." सोबतचे मित्र हसतात. डॉक्टरला काय विचारतोस, दुकानदाराला विचार, असा त्या हसण्याचा अर्थ. माझ्या मते हा प्रश्न डॉक्टरलाच विचारायला हवा. चष्मा घेताना आपण आधी डोळे तपासतो आणि मग फ्रेमचा रंग बघतो. इअरफोन घेताना रंग, बास आणि किंमत बघतो. कानाचा विचार त्यात कुठे येतच नाही.

माझे मत आधीच सांगून टाकतो. ज्या इअरफोनवर कमी आवाजातही शब्द स्वच्छ ऐकू येतो, तो चांगला. जो आपल्याला आवाज वाढवायला भाग पाडतो, तो कितीही नावाजलेल्या कंपनीचा असला तरी वाईट. आणि पहिल्या प्रकारचा इअरफोन तीनशे ते आठशे रुपयांत मिळतो. त्यासाठी हजारो रुपये घालावे लागत नाहीत, फक्त थोडी पारख लागते.

हा इअरफोन घेतो कोण, हेही बघितले पाहिजे. गाण्याचे शौकीन थोडे. आपल्या तालुक्यात त्याचा मोठा ग्राहक म्हणजे अभ्यासिकेत बसणारी मुले-मुली. पोलीस भरती, सैन्य भरती, रेल्वे, तलाठी, स्पर्धा परीक्षा. पुण्या-नाशिकच्या शिकवणीची फी परवडत नाही म्हणून फोनवरची व्याख्याने ऐकायची, तीही वेळ वाचावा म्हणून दीडपट वेगाने. सहा-सहा, आठ-आठ तास कानात तार. दुसरा ग्राहक भुसावळ-जळगावला रोज गाडीने ये-जा करणारा. तिसरे आमचे आजोबा, घरातली नातवंडे झोपल्यावर ज्यांना कीर्तन ऐकायचे असते. या तिघांनाही बाजारात जो पन्नास-साठ रुपयांचा इअरफोन हाती दिला जातो, त्याबद्दल मला बोलायचे आहे.

आधी कानाविषयी थोडे. कानाच्या पडद्याच्या मागे, हाडाच्या आत, गोगलगाईच्या शंखासारखी वाटाण्याएवढी एक रचना असते. तिच्यात सुमारे पंधरा हजार केशपेशी असतात. बाहेरून आलेली आवाजाची थरथर मेंदूला कळेल अशा विद्युत संदेशात बदलण्याचे काम या पेशी करतात. कातडी फाटली तर भरून येते, हाड मोडले तर जुळते. माणसाच्या कानातली केशपेशी एकदा मेली की तिच्या जागी दुसरी येत नाही. जन्माला येताना जेवढी शिल्लक मिळाली तेवढ्यावर आयुष्य काढायचे असते. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर हे बियाणे पुन्हा पेरता येत नाही.

मोठ्या आवाजाने या पेशी एकदम मरत नाहीत, थकतात. लग्नात डीजेपुढे नाचून आल्यावर रात्रभर कानात किर्र आवाज येतो आणि सकाळी थांबतो, तो या थकव्याचा. असे वारंवार झाले की थकलेली पेशी उठतच नाही. त्यातही ४,००० हर्ट्झच्या आसपासचे, म्हणजे वरच्या पट्टीतले स्वर टिपणारा भाग आधी जातो. म्हणून सुरुवातीला माणसाला आपण बहिरे होत आहोत असे वाटतच नाही. ढोल ऐकू येतो, गाडीचा भोंगा ऐकू येतो, बायकोची हाक ऐकू येते. पण 'स', 'श', 'फ', 'ट' असे बारीक आवाज गळू लागतात. समोरचा 'साठ' म्हणाला की 'आठ', ते कळत नाही. "आवाज येते डॉक्टरसाहेब, पण समजत नही," ही तक्रार पूर्वी मी सत्तरीच्या माणसाकडून ऐकत होतो. आता बावीस-पंचवीसचे तरुणही हेच सांगू लागले आहेत.

किती आवाज चालतो, याचा हिशेब जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१८ साली मिळून ठरवलेल्या मानकात आहे. प्रौढ माणसाने आठवड्याला ८० डेसिबलचा आवाज ४० तास ऐकला तर चालेल. लहान मुलांसाठी हीच मर्यादा ७५ डेसिबल. खरी गोम पुढे आहे. दर ३ डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते आणि वेळ निम्मा होतो. ८० ला ४० तास, ८३ ला २० तास, ८६ ला १० तास. ९० वर गेलात तर आठवड्याचे ४ तास. ९५ ला सव्वा तास. १०० डेसिबलला आठवडाभराचा सगळा कोटा वीस मिनिटांत संपतो. ८० आणि ९० हे आकडे कागदावर शेजारी दिसतात, पण कानावर पडणारा भार दहापट झालेला असतो. डेसिबल ही मोजपट्टी फसवी आहे ती अशी.

आता इअरफोनकडे वळू. चालत्या गाडीत, खिडक्या उघड्या असताना, डब्यातला गोंगाट सहज ८० डेसिबलच्या घरात जातो. फोनमधल्या मोजणीच्या अ‍ॅपवर कोणीही हे ढोबळमानाने बघू शकेल. कानाच्या तोंडाशी नुसता अडकणारा, चपट्या गोल तोंडाचा स्वस्त इअरफोन बाहेरचा आवाज जवळजवळ अडवतच नाही. अशा गोंगाटात शिक्षकाचा शब्द कळायचा तर तो गोंगाटाच्या वर काढावा लागतो. बोट आपोआप आवाज वाढवते. ८० चा गोंगाट, त्यावर दहा, म्हणजे ९०. जळगावला रोज ये-जा करणाऱ्याचे गाडीतले दोन तास धरले, तर दोन दिवसांत आठवड्याचा कोटा खलास. बाकीचे चार दिवस तो कानाच्या मुदलातून खर्च करतो.

याच गाडीत दुसऱ्या मुलाने कानाच्या नळीत नीट बसणारा, पुढे सिलिकॉनचे मऊ रबर असलेला इअरफोन घातला आहे असे समजा. रबर नीट बसले तर बाहेरचा गोंगाट साधारण १५ ते २० डेसिबलने कमी होतो. कानाच्या आत ६५ च्या आसपास गोंगाट उरला, त्यावर दहा, म्हणजे ७५. हा मुलगा तेच व्याख्यान, तितकेच स्पष्ट, दहापटीहून कमी ऊर्जेवर ऐकतो आहे. दोन्ही इअरफोनच्या किमतीत फरक तीन-चारशे रुपयांचा. या तीन-चारशे रुपयांना मी औषध समजतो.

कानाच्या नळीत बसणाऱ्या इअरफोनविषयी लोकांच्या मनात भीती आहे की तो पडद्याच्या जवळ जातो म्हणून जास्त घातक. पडद्यावर किती डेसिबल पडतात ते महत्त्वाचे, तो आवाज किती अंतरावरून आला ते नव्हे. या प्रकारच्या इअरफोनची गंमत अशी की त्याचे एक मूळ गाण्याच्या दुकानात नसून श्रवणतपासणीच्या खोलीत आहे. अमेरिकेतील एटिमोटिक रिसर्च ही १९८३ साली निघालेली कंपनी कानाच्या तपासणीसाठी नळीत बसवायचे इअरफोन बनवत होती. त्याच अनुभवावर तिने १९९१ मध्ये संगीतासाठी असा इअरफोन काढला. तपासणीच्या खोलीत त्याचा एक उपयोग हाच होता, की बाहेरचा आवाज अडावा आणि रुग्णाला बारीकातला बारीक आवाज ऐकू यावा.

म्हणजे सगळे रबराच्या बसण्यावर अवलंबून आहे. खोक्यात लहान, मध्यम, मोठे असे रबराचे तीन जोड मिळतात. शंभरातले बहुतेक जण कारखान्यात बसवलेले मधले रबर तसेच वापरतात आणि बाकीचे दोन जोड खोक्यासकट फेकून देतात. हे रबर फेकू नका. आपला डावा आणि उजवा कान सारखाच असतो असेही नाही. एका बाजूला मध्यम आणि दुसऱ्या बाजूला मोठे लागणारे कितीतरी लोक आहेत. घालताना दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर आणि मागे ओढावी, म्हणजे नळी सरळ होते, आणि इअरफोन हलकेच फिरवत आत बसवावा. स्वतःशी दोन शब्द बोलून बघावेत. स्वतःचा आवाज घागरीत बोलल्यासारखा घुमला तर रबर बसले. घुमला नाही तर दुसरा आकार लावून बघावा. तासाभराने कान दुखला तर आकार मोठा आहे.

"याला बास नाही" म्हणून जो इअरफोन दुकानात परत जातो, त्यात दोष बहुधा रबराचा असतो. फट राहिली की खालचे, खर्जाचे स्वर बाहेर निसटतात आणि आवाज पत्र्यासारखा लागतो. मग आपण दोन गोष्टी करतो, आवाज वाढवतो किंवा "एक्स्ट्रा बास" लिहिलेला इअरफोन आणतो. या जादा बासवाल्यांविषयी माझे मत चांगले नाही. खर्ज फुगवला की त्याखाली शिक्षकाचा शब्द दबतो, आणि शब्द काढण्यासाठी सगळाच आवाज वाढवावा लागतो. ज्याला दिवसभर व्याख्याने ऐकायची आहेत त्याने बासच्या नादाला लागूच नये.

खोक्यावरच्या आकड्यांना भुलण्याचे कारण नाही. "२० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ" हे पन्नास रुपयांच्या खोक्यावरही असते आणि पाच हजारांच्याही. त्यावरून काही कळत नाही. आतला पडदा १० मिलिमीटरचा की १४ चा, यावरूनही नाही. मोठा पडदा म्हणजे चांगला आवाज असा नियम नाही. खोक्यावर मी बघतो ते वेगळेच. कमाल किरकोळ किंमत, बनवणाऱ्याचे किंवा आयात करणाऱ्याचे नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी क्रमांक. बंद पाकिटातल्या मालावर हे छापणे २०११ च्या वैध मापनशास्त्र नियमांनुसार बंधनकारक आहे. हे ज्याच्यावर नाही, त्या मालाला मायबाप नाही. प्रसिद्ध कंपनीचे नाव एखादे अक्षर बदलून छापलेले इअरफोन आठवडे बाजारात ढिगाने मिळतात. माल बिलासह घ्यावा. बिघडला आणि दुकानदाराने हात वर केले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

दुकानात काउंटरवर पाच मिनिटे काढावीत. दुकानदार धांगडधिंग्याचे गाणे लावून देईल, ते नको. स्वतःच्या फोनवर, रोज ऐकता ते व्याख्यान किंवा बातम्या लावा. आवाज आधी अगदी कमी ठेवून हळूहळू वाढवा आणि शब्द कुठे कळू लागतो ते बघा. तीन-चार इअरफोन असे लावून बघितले की फरक कोणी सांगावा लागत नाही. जो कमी रेघांवर शब्द देतो तो आपला. बोलणाऱ्याचा आवाज दोन्ही कानांच्या मधोमध, डोक्याच्या मध्यावर आल्यासारखा वाटला पाहिजे; एका बाजूला झुकला तर दोन बाजू सारख्या नाहीत. पिनेजवळ, बटणाजवळ आणि कानाजवळ वायर हलकेच हलवून बघा, खरखर येता कामा नये. वायर तुटते ती याच तीन ठिकाणी. तिथे रबराची लवचिक बाही असेल तर इअरफोन वर्ष-दोन वर्षे टिकतो. एक बाजू बंद पडली तरी दुसऱ्या बाजूवर महिनोन्‌महिने ऐकत राहणारे लोक मी बघतो. एकाच कानाने ऐकताना मेंदूला आवाज कमी वाटतो, म्हणून तो वाढवला जातो, आणि सगळा मार त्या एका कानाला. एक बाजू गेली की इअरफोन गेला असे समजावे.

पिनेचा घोळ अलीकडचा. आयफोनने २०१६ साली गोल पिनेची ३.५ मिलिमीटरची जागा काढून टाकली आणि हळूहळू इतर अनेक कंपन्यांनीही काढली. त्या फोनना टाइप-सी पिनेचा इअरफोन किंवा मध्ये जोडायची छोटी पट्टी लागते. टाइप-सी दिसायला सारखी असली तरी प्रत्येक इअरफोन प्रत्येक फोनवर चालेलच असे नाही. काही पट्ट्यांत आवाज तयार करणारी चिप असते, काहींत नुसत्या तारा असतात, आणि नुसत्या तारांची पट्टी अनेक फोन ओळखतच नाहीत. आपलाच फोन लावून, एक कॉल करून, माइक चालतो का ते बघून मगच पैसे द्यावेत. गोल पिनेची जागा असलेला फोन हाती असेल तर मी तरी गोल पिनेचाच इअरफोन घेईन. तो आपल्या घरातल्या जुन्या फोनलाही चालतो.

बिनतारी का नको, असे मुले विचारतात. बिनतारीत वाईट काही नाही, आणि त्याच्या लहरींनी मेंदूला काही होते अशी भीतीही मी घालणार नाही. पण पाचशे रुपयांत बिनतारी घेतला तर त्यातले पैसे दोन बॅटऱ्या, डबी आणि चिप यांत वाटले जातात. आवाज देणाऱ्या भागाला आणि कानाच्या बैठकीला उरते काय? वायरच्या इअरफोनमध्ये तेच पाचशे आवाजावर लागतात. शिवाय त्या बॅटऱ्या वर्ष-दीड वर्षात मंदावतात. वायरवाल्याला चार्जिंग नाही आणि लोडशेडिंगचीही पर्वा नाही.

किमतीचा हिशेब मांडू. साठ रुपयांचा इअरफोन महिना-दीड महिना चालतो. वर्षाला आठ-दहा लागले तर पाचशे-सहाशे रुपये गेलेच, आणि वर्षभर ऐकले ते कर्कश. तेवढ्याच पैशांत एक नीट इअरफोन येतो. ज्यांचा वापर रोज पाच-सहा तासांचा आहे त्यांनी सातशे-हजार रुपयांपर्यंत जाऊन तार काढता-घालता येणारा घ्यावा. केझेड, मूनड्रॉप अशा चिनी कंपन्यांनी हा प्रकार स्वस्त केला आहे. तार कानामागून वळून येते, ओढ बसत नाही, आणि तार तुटली तर फक्त तार बदलायची. याहून अमुक एक मॉडेल घ्या असे मी लिहीत नाही. मॉडेल सहा महिन्यांत बदलते, कान तोच राहतो. आणि डॉक्टरने कंपनीची जाहिरात करू नये असे जुने वळण माझ्या हाडात आहे.

इअरफोन चांगला आणला तरी आवाज किती ठेवायचा हा प्रश्न उरतोच. "साठ टक्के आवाज, साठ मिनिटे" असा एक नियम सगळीकडे सांगतात. तो वाईट नाही, पण एका फोनचे साठ टक्के दुसऱ्या फोनच्या ऐंशीइतके असू शकतात, आणि इअरफोन बदलला की पुन्हा हिशेब बदलतो. मी सांगतो ती रीत अशी. रात्री घर शांत झाल्यावर इअरफोन नीट बसवा, आवाज शून्यावर आणा आणि शब्द आरामात कळेल इतकाच वाढवा. किती रेघा झाल्या ते मोजा. दुसऱ्या दिवशी गाडीत, बाजारात, अभ्यासिकेत फार तर एक-दोन रेघा वाढवायच्या. त्याहून जास्त लागले तर रबर नीट बसलेले नाही, नाहीतर ती जागा ऐकण्याची नाही. लहान मुलाच्या फोनमध्ये पालकांनीच आवाजाची कमाल मर्यादा बसवून ठेवावी. बऱ्याच फोनच्या सेटिंगमध्ये तशी सोय असते.

फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने राज्यांना पत्र पाठवून इअरफोनचा आवाज ५० डेसिबलच्या आत आणि वापर दिवसाला दोन तासांच्या आत ठेवावा असे सुचवले. हेतू उत्तम. पण साधे समोरासमोरचे बोलणेच ६० डेसिबलच्या आसपास असते. बसस्टँडवर ५० डेसिबलमध्ये काय ऐकू येणार? आणि ज्या मुलाची शाळाच फोनमध्ये आहे त्याला दोन तासांत उठ म्हणून कसे सांगावे? पाळता न येणारा सल्ला दिला की माणूस पाळता येणाराही ऐकत नाही, हा माझा दवाखान्यातला अनुभव आहे. दर तासाला दहा मिनिटे कान मोकळे ठेवा, जे वाचून समजते ते वाचा, खोलीत एकटे असाल तर स्पीकरवर ऐका. एवढे जमते.

अशा बातम्यांनी उलटी घबराटही पसरते. जून २०२४ मध्ये गायिका अलका याज्ञिक यांनी आपल्याला अचानक ऐकू येईनासे झाल्याचे जाहीर केले, तेव्हा अनेकांनी मला "हेडफोनमुळेच झाले ना?" असे विचारले. त्यांनी स्वतः दिलेले डॉक्टरांचे निदान विषाणूच्या हल्ल्यामुळे आलेल्या बहिरेपणाचे होते. मोठ्या आवाजापासून आणि हेडफोनपासून सावध राहा, असा इशाराही त्यांनी त्याच वेळी दिला, तो योग्यच. पण या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. एका सकाळी अचानक एका कानाने ऐकू येईनासे झाले तर इअरफोनला दोष देत बसू नये. ती तातडीची बाब आहे. त्याच दिवशी, उशिरात उशिरा दोन-तीन दिवसांत, कान-नाक-घसा तज्ज्ञाला गाठावे. उपचार जितका लवकर तितका उपयोग जास्त. आमच्याकडे लोक आठवडाभर कानात कोमट तेल घालत बसतात आणि मग जळगावला जातात.

भरतीच्या मुलांसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहितो. सैन्य भरतीच्या वैद्यकीय तपासणीत परीक्षकाकडे पाठ करून उभे राहावे लागते आणि ६१० सेंटीमीटर, म्हणजे वीस फुटांवरून केलेली कुजबुज प्रत्येक कानाने वेगवेगळी ऐकू यावी लागते. कुजबुज म्हणजे सगळे बारीक, वरच्या पट्टीतले आवाज. नेमके तेच, जे इअरफोन आधी खातो. रेल्वेच्या चालकपदासारख्या जागांनाही कान तपासतात. धावण्याचे सेकंद वाचवण्यासाठी पहाटे चारला उठणारा, दूध-केळी मोजून खाणारा मुलगा लेखी परीक्षेच्या तयारीत रोज आठ तास फुटक्या आवाजाच्या तारेने आपला कान झिजवतो, हे मला बघवत नाही. बुटांना दोन हजार देतात, कानाला साठ रुपये.

आता काही किरकोळ, पण रोजच्या कामाच्या गोष्टी. पावसाळ्यात कानात बुरशी झालेले रुग्ण वाढतात. त्यांत इअरफोनवाले बरेच. दिवसभर नळी बंद, आत घाम, वर मळलेले रबर. रबर काढून आठवड्यातून एकदा साबणाच्या पाण्याने धुवावे, पूर्ण सुकवून लावावे. दुसऱ्याचा इअरफोन कानात घालू नये, मित्र कितीही जिवाचा असो. कान वाहत असेल किंवा पडद्याला छिद्र असेल त्याने नळीत बसणारा इअरफोन वापरूच नये. वरून बसणारा वायरचा हेडफोन घ्यावा, पाचशे-सातशेत तोही मिळतो. मळ नळीत आत ढकलला जातो म्हणून दर दिवशी काडी घालणे हा आणखी वाईट उपाय. फोन चार्जिंगला लावून वायरचा इअरफोन कानात घालणे धोक्याचे आहे. हलक्या चार्जरमध्ये बिघाड झाला तर वीज तारेतून थेट डोक्यापर्यंत पोहोचते. आणि जो इअरफोन बाहेरचा आवाज अडवतो तो मालगाडीचा भोंगाही अडवतो. मोटारसायकलवर, रेल्वेचे रूळ ओलांडताना, मळणी यंत्राजवळ तो खिशात हवा. मळणी यंत्राला तर लोंबती तारच पुरते.

जिनिंगमध्ये काम करणारे काही जण यंत्राचा आवाज नको म्हणून इअरफोन लावून गाणी ऐकतात. सरकी काढणाऱ्या यंत्रांचा आवाज ८५ डेसिबलच्या वर असतो, आणि त्याच्यावर गाणे काढायचे म्हणजे काय होईल ते वरच्या हिशेबात बसवून बघा. तिथे फोमचे साधे कानबोळे लागतात, थोड्या रुपयांत मिळतात, आणि ते कामगाराला देणे मालकाचे काम आहे.

राहता राहिले आमचे आजोबा. कमी ऐकू येते म्हणून मुलगा त्यांना इअरफोन आणून देतो, ते फोनचा आवाज पूर्ण चढवतात आणि काही दिवस खूश असतात. इअरफोन हे श्रवणयंत्र नाही. श्रवणयंत्र ज्या पट्टीतले ऐकू येत नाही तेवढेच वाढवते; इअरफोन सगळेच वाढवतो, आणि उरलेल्या पेशींनाही मारतो. त्यांची श्रवणतपासणी करावी. जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात कान-नाक-घसा विभाग आहे. साठीच्या पुढच्या, दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांना २०१७ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतून श्रवणयंत्र मिळू शकते. जाताना आधार कार्ड, शिधापत्रिका आणि आधीचे कागद सोबत ठेवावेत. आणि तपासणी झाली की तिचा आलेख मागून घरी जपून ठेवावा, पुढच्या वर्षी तुलनेला लागतो.